शेक पिऊन वजन उतरवणे : दोन जेवणं पेल्यात, मग तिसऱ्याचं काय?

मापटं

जेवणाऐवजी शेक घेण्याबद्दलचे प्रतिसाद दहा ठिकाणी विखुरलेत आणि निम्म्यांत प्रोटीन पावडर आणि मील रिप्लेसमेंट यांची गल्लत झालीय. म्हणून हा वेगळा धागा. "माझं इतकं उतरलं" हे दुसरीकडे लिहा. इथे फक्त कसं, किती आणि काय बिघडतं.

आधी गल्लत मिटवू. प्रोटीन पावडरच्या एका मापात साधारण १२० कॅलरी आणि २०–२४ ग्रॅम प्रथिनं असतात, बाकी जवळजवळ काही नाही. ते जेवण नव्हे. जेवणाऐवजीच्या शेकमध्ये प्रथिनं, कर्बोदकं, स्निग्धांश आणि जीवनसत्त्वं-खनिजं ठरावीक प्रमाणात असावी लागतात. कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या) १९९१ च्या मानकात एका जेवणाच्या जागी २०० ते ४०० कॅलरी, त्यातल्या २५ ते ५० टक्के प्रथिनांतून आणि ३० टक्क्यांहून जास्त स्निग्धांशातून नकोत, असं आहे. युरोपीय संघाने २०१६ मध्ये ही मर्यादा आणखी आवळून २०० ते २५० कॅलरी केली. जीवनसत्त्वं-खनिजं दर जेवणामागे रोजच्या गरजेच्या किमान ३० टक्के. डब्यावर काय वाटेल ते छापलेलं असो, मागचा तक्ता या आकड्यांत बसत नसेल तर ते पेय आहे, जेवण नाही.

पद्धती दोन. अर्धी : दोन जेवणांच्या जागी शेक आणि एक नेहमीचं जेवण, एकूण १२००–१५०० कॅलरी. पूर्ण : दिवसभर फक्त शेक, ८०० च्या आसपास. पूर्ण पद्धत डॉक्टरच्या देखरेखीशिवाय करायची नाही, त्यावर खाली कुणी ना कुणी लिहीलच. मी अर्धीबद्दल लिहितो.

हिशेब असा मांडा. मिफ्लिन–सेंट जोर सूत्र (नुसतं पडून राहिलं तरी दिवसात किती कॅलरी खर्च होतात ते) : १० × वजन (किलो) + ६.२५ × उंची (सेंमी) − ५ × वय, मग पुरुषांसाठी + ५, स्त्रियांसाठी − १६१. समजा स्त्री, ४० वर्षं, ८० किलो, १६० सेंमी. ८०० + १००० − २०० − १६१ = १४३९. बैठं काम असेल तर गुणिले १.४, म्हणजे दिवसाचा खर्च साधारण २०१५ कॅलरी. आता ताट : शेक २२५ × २ = ४५०, जेवण ५५०, मधल्या वेळचं १०० × २ = २००. एकूण १२००. तूट ८१५. आठवड्याची तूट ५७०५, आणि एक किलो चरबीला साधारण ७७०० धरले तर आठवड्याला पाऊण किलोच्या आत. हा कागदावरचा वेग. जसजसं वजन उतरतं तसतसा खर्चही उतरतो, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात तोच आहार याहून कमी देईल. सूत्रात नवं वजन घालून दर ५ किलोंनी हिशेब परत करायचा.

प्रथिनं गाठायच्या वजनावर मोजा, आजच्या वजनावर नाही. लक्ष्य ६५ किलो असेल तर गुणिले १.२, म्हणजे ७८ ग्रॅम. दोन शेकमधून ३८–४० मिळतील. उरलेले ३८–४० जेवण आणि मधल्या खाण्यातून यायला हवेत. लोक नेमके इथेच घसरतात : शेकमध्ये सगळं असतं म्हणून तिसऱ्या जेवणात नुसतं सूप किंवा फळं. मग प्रथिनं ५० वर अडकतात, वजन उतरतं पण त्यात स्नायूही जातो.

कुठली दोन जेवणं बदलायची? सर्रास "सकाळ-दुपार" सांगतात. माझं मत वेगळं. ज्या जेवणाला हात सैल सुटतो ते बदला. सकाळी मुळात एक पोळीभर भूक असणाऱ्याने सकाळच्या जागी २२५ कॅलरींचा शेक घातला तर तूट होत नाही, उलट भरच पडते.

---

शंकेखोर

धागा छान. प्रश्न दोन.

१. पूर्ण शेकवर राहून लवकर उतरवून टाकलं तर काय बिघडलं? हळूहळू उतरवलेलं टिकतं आणि झटपट उतरलेलं परत येतं, हे सगळीकडे वाचतो.
२. पहिल्या आठवड्यात ३ किलो जातात असं म्हणतात, आणि तुमच्या हिशेबात पाऊण किलो. खरं काय?

---

पोषणपंडित

दुसरं आधी, कारण सोपं आहे. शरीरात साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन (साठवलेली साखर) असतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे ३ ग्रॅमच्या आसपास पाणी. खाणं कमी झालं की ते रिकामं होतं, मीठ कमी पोटात जातं म्हणून आणखी पाणी जातं, आतड्यातला ऐवजही घटतो. पहिल्या आठवड्यातले २–३ किलो बहुतेक हेच. म्हणूनच एका समारंभाच्या जेवणानंतर काटा दीड किलो वर जातो. ती चरबी नव्हे. दीड किलो चरबीला साडेअकरा हजार कॅलरी लागतात, एका बैठकीत कुणाला जमत नाहीत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "झटपट म्हणजे वाईट" इतकं सरळ नाही. ब्रिटनमधला डायरेक्ट हा अभ्यास बघा (निष्कर्ष २०१७ च्या अखेरीस लॅन्सेटमध्ये). टाइप २ मधुमेहाचे ३०६ लोक. निम्म्यांना ३ ते ५ महिने फक्त ८२५–८५३ कॅलरींचे शेक आणि सूप, मग २ ते ८ आठवडे टप्प्याटप्प्याने अन्न, मग वजन राखायला मदत. वर्षअखेर सरासरी १० किलो कमी, आणि ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४ टक्के. दुसऱ्या वर्षाअखेर सरासरी घट ७.६ किलो आणि प्रमाण ३६ टक्के. म्हणजे थोडं परत आलं, सगळं नाही.

ड्रॉपलेट (२०१८, ब्रिटिश मेडिकल जर्नल) मध्ये मधुमेहाची अट नव्हती. २७८ लोक, ८१० कॅलरी, ८ आठवडे. वर्षाने १०.७ किलो विरुद्ध नेहमीच्या सल्ल्यावरचे ३.१.

पण या दोन्हींत ठरावीक अंतराने कुणीतरी भेटत होतं, औषधं आधीच बदलली होती, आणि अन्नावर परतायचा टप्पा आखलेला होता. लोक फक्त ८०० हा आकडा उचलतात आणि बाकीचं सोडून देतात. मग "परत आलं" म्हणतात.

---

उकडलेला_बटाटा

+१. शेक बंद केल्यावर काय खायचं हे शेक सुरू करायच्या आधी ठरलेलं हवं.

---

कडूगोळी

औषधांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. औषधं चालू असलेल्यांनी पहिला डबा फोडण्याआधी हे वाचावं.

मधुमेह : ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गटातल्या गोळ्या आणि इन्सुलिन, दोन्ही जुन्या खाण्याच्या मापाने ठरलेली असतात. खाणं निम्म्यावर आलं आणि मात्रा तीच राहिली तर साखर खाली कोसळते, कधीकधी पहिल्याच दिवशी. मात्रा कमी करायची की थांबवायची हे डॉक्टर ठरवतील, पण ते आधी व्हायला हवं, चक्कर आल्यावर नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटाचं दुखणं वेगळं. कर्बोदकं फार कमी झाली की यांच्यासोबत रक्तात कीटोन साठून अम्लता वाढू शकते, आणि गंमत म्हणजे तेव्हा साखर जवळजवळ सामान्य दिसते, त्यामुळे घरचं यंत्र "सगळं ठीक" सांगतं. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणे यांतलं काही झालं तर थेट रुग्णालय. मेटफॉर्मिन एकट्याने सहसा साखर कोसळवत नाही.

रक्तदाब : पाणी आणि मीठ गेल्याने दाब पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच उतरतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. घरी दाब मोजत राहा आणि आकडे डॉक्टरला दाखवा.

वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) : बहुतेक शेकमध्ये के जीवनसत्त्व असतं. रोजचं प्रमाण अचानक बदललं की आयएनआर (रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा) हलतो. सुरू करताना, आणि बंद करतानाही, तपासणी लवकर-लवकर.

थायरॉइडची गोळी : शेकमधलं कॅल्शियम आणि लोह तिला शोषू देत नाही. सकाळी उठल्या उठल्या गोळी आणि अर्ध्या तासात शेक, हे फार लोक करतात आणि मग टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) का वाढला विचारतात. दोन्हींत ४ तास हवेत. सकाळी जमत नसेल तर डॉक्टरला विचारून गोळी रात्री झोपताना.

लिथियम घेणाऱ्यांनी हा प्रयोग मानसोपचारतज्ज्ञाला न सांगता करूच नये. मीठ-पाणी हललं की रक्तातली पातळी विषारी होऊ शकते.

आणि हे ज्यांनी सुरूच करू नये : गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, १८ च्या आतले, टाइप १ मधुमेही, खाण्याशी संबंधित मानसिक आजार आहे किंवा होता असे, मूत्रपिंड बरंच निकामी झालेले, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, आणि ज्यांचं वजन मुळात जास्त नाही ते. संधिवातातला गाऊट आणि पित्ताचे खडे असतील तर आधी विचारा.

एक अवांतर वाटेल पण नाही : वजन उतरलं की थांबलेली किंवा अनियमित पाळी सुरळीत होते, बीजनिर्मिती सुरू होते. मूल नको असेल तर त्याची काळजी पहिल्या दिवसापासून.

---

चमचाभर

कडूगोळी, हा प्रतिसाद संपादकांनी धाग्याच्या वर चिकटवावा.

मला घरगुती शेकबद्दल विचारायचंय. ओट्स, केळं, दूध, दाण्याचं बटर घालून घरीच केला तर डबे कशाला?

---

मापटं

घरचा शेक चांगला नाश्ता होतो, पण बदली जेवण होत नाही. मोजून बघा : दूध ३०० मिली, ओट्स ४० ग्रॅम, मोठं केळं, दाण्याचं बटर दोन मोठे चमचे. ६२५–६५० कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम २३–२५. पेला तेवढाच दिसतो, कॅलरी पावणेतीनपट. दाण्याचं बटर काढा, केळं अर्धं करा, साय काढलेलं दूध वापरा, तर ३०० वर येतो, पण प्रथिनंही १७ वर येतात आणि लोह, आयोडीन, जस्त, ड जीवनसत्त्व जवळपास गायब. दिवसातून एक घेतला आणि दोन जेवणं नीट असली तर काही बिघडत नाही. दोन जेवणं काढून त्या जागी हाच घातला तर दोन महिन्यांत कमतरता वाढत जातात. तयार पावडर घ्यायची ती या बारीक गोष्टींसाठी.

---

लेबलवाचक

आता माझ्या आवडीचा विषय. डबा हातात घेतलात की पुढची बाजू वाचूच नका.

पहिली मेख : तक्ता "१०० ग्रॅममागे" आणि "एका वेळेस" अशा दोन रकान्यांत असतो. ठळक छापलेला ४० ग्रॅम प्रथिनांचा आकडा १०० ग्रॅमचा असतो. माप ४० ग्रॅमचं, म्हणजे पेल्यात १६ ग्रॅम.

दुसरी मेख : "एका वेळेस" हा आकडा नुसत्या पावडरचा आहे की दुधात केलेल्या शेकचा? तळटीप वाचा. बहुतेक वेळा ३०० मिली साय काढलेलं दूध धरलेलं असतं. त्यात साधारण १०५ कॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिनं. तुम्ही पाण्यात केलात तर प्रथिनं १० ने घटली, शेक निम्मा झाला. साडेतीन टक्के स्निग्धांशाच्या दुधात केलात तर १९० कॅलरी, म्हणजे दर पेल्यामागे ८५ जास्त. दोन पेले × ७ दिवस = जवळपास १२०० कॅलरी. मापटं यांच्या हिशेबातला एका पूर्ण दिवसाचा आहार दुधाच्या पिशवीतून आत आला. बदामाचं "दूध" घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्यात ३०० मिलीला प्रथिनं एक-दोन ग्रॅमच असतात. सोयाच्यात बऱ्यापैकी, ८–९.

तिसरी : घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तिघांत साखर, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा ग्लुकोज सिरप असेल तर परत ठेवा. साखर ० लिहून माल्टोडेक्स्ट्रिन भरणं ही जुनी युक्ती आहे. ते साखरेच्या रकान्यात मोजलं जात नाही आणि रक्तातली साखर तितक्याच वेगाने चढवतं.

चौथी, जरा खोलातली. प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणतात. त्यामुळे ग्लायसीन किंवा टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्लं घातली की आकडा फुगतो, प्रथिनं नाही. यादीत ही नावं सुटी दिसली की संशय घ्या. कोलॅजनचंही तसंच : ते प्रथिन खरं, पण त्यात ट्रिप्टोफॅन नसतं, त्यामुळे एकट्याने अपुरं. १९७० च्या दशकात अमेरिकेत कोलॅजनपासून केलेल्या द्रव प्रथिनांवर महिनोन्‌महिने राहिलेले कितीतरी लोक हृदयाची लय बिघडून दगावले. आजच्या शेकचे नियम इतके काटेकोर आहेत त्यामागे ते प्रकरण मोठं कारण आहे.

आणि डब्यातलं माप म्हणजे प्रमाण नव्हे. ते आकारमान मोजतं. डबा हलून पावडर दबली की त्याच मापात जास्त बसते, शिवाय लोक शीग लावतात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, पेला ठेवून शून्य करा आणि ग्रॅममध्ये घाला.

---

नवा_भिडू

गुठळ्या होतात. आणि गरम पाण्यात केला तर फाटल्यासारखा होतो. काय चुकतंय?

---

चमचाभर

क्रम उलटा करताय. आधी पाणी किंवा दूध, वर पावडर. पावडर तळाशी असली की कोपऱ्यात तिचा चिखल होतो आणि तो कितीही हलवला तरी सुटत नाही. अर्ध्या द्रवात २० सेकंद हलवा, उरलेलं घाला, परत २० सेकंद, मग ४–५ मिनिटं तसाच ठेवा. फेस बसतो आणि आतला तंतू फुगून घट्टपणा येतो. घट्ट शेक जास्त वेळ भूक धरतो, म्हणून पाणी कमी-जास्त करून बघण्यासारखं आहे.

फाटतो कारण व्हे हे दह्याच्या निवळीतलं प्रथिन, आणि ते सत्तरच्या पुढे तापलं की गोठतं. कोमट चालेल. गरमच हवा असेल तर आधी थंड पाण्यात लापशीसारखं कालवा, मग गरम पाणी थोडं थोडं. झाकणबंद शेकरमध्ये गरम द्रव हलवू नका, आतली वाफ झाकण उडवते.

केलेला शेक फ्रिजमध्ये २४ तास, बाहेर जास्तीत जास्त दोन. प्रवासात पावडर कोरडी न्या आणि ऐनवेळी करा. शेकर लगेच विसळा. रात्रभर राहिला तर रबराच्या कडीत वास बसतो तो जात नाही, कडी काढून खायच्या सोड्याच्या पाण्यात ठेवावी लागते.

आणि गटागट पिऊ नका. १५ मिनिटं लावा. दोन मिनिटांत संपवलेला शेक पोटाला जेवण वाटत नाही.

---

शंकेखोर

पोटाचं काय? गॅस, बद्धकोष्ठ, डोकेदुखी अशा तक्रारी फार वाचल्या.

---

पोषणपंडित

तिन्हींची कारणं वेगळी, म्हणून एकच उपाय चालत नाही.

बद्धकोष्ठ : बहुतेक शेकमध्ये तंतू ३–५ ग्रॅम. दोन शेकचे मिळून १० च्या आत, आणि गरज २५–३० ची. मुळात आत कमी गेलं तर बाहेरही कमी येणार, दोन दिवसांआड झालं तर घाबरू नका. कडक होत असेल तर जेवणात २००–३०० ग्रॅम भाज्या, आणि इसबगोल एक चमचा मोठ्या पेलाभर पाण्यात, लगेच पिऊन टाकायचा. पाण्याविना इसबगोल घेतला तर उलट अडतं. गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तास. दिवसाचं पाणी शेकव्यतिरिक्त दोन-सव्वादोन लिटर, हृदय किंवा मूत्रपिंडामुळे पाण्यावर बंधन नसेल तर.

गॅस : लॅक्टोजमुळे (दुधातल्या साखरेमुळे) असेल तर पिऊन तासा-दोन तासांत. व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज असतं, आयसोलेटमध्ये (जास्त गाळलेल्या व्हेमध्ये) एक टक्क्याच्या आत. दूध बदलून बघा, मग पावडर. लॅक्टोज नसूनही होत असेल तर यादीत इन्युलिन किंवा माल्टिटॉल शोधा. दोन्ही मोठ्या आतड्यात आंबतात.

डोकेदुखी : पहिले ३–४ दिवस. बरेचदा शेकचा दोष नसून त्याच दिवशी चहा-कॉफीही बंद केलेली असते. दोन लढाया एकदम लढू नका. चहा-कॉफी ठेवा, साखर काढा. उरलेली डोकेदुखी मीठ-पाणी कमी पडल्याची.

केस गळणं दोन ते चार महिन्यांनी सुरू होतं. तोवर लोक शेक बदलून मोकळे झालेले असतात आणि नव्या डब्याला दोष देतात. झपाट्याने वजन उतरल्यावर केसांची एक तुकडी एकदम विश्रांतीत जाते, काही महिन्यांनी परत उगवते. लोह आणि प्रथिनं कमी असतील तर जास्त गळतात, म्हणून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा.

दुर्लक्ष होतं ते पित्ताच्या खड्यांकडे. आठवड्याला दीड किलोहून वेगाने उतरत असेल तर धोका वाढतो, कारण यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं आणि स्निग्धांश नसल्याने पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त साचून राहतं. म्हणून "एकदम बिनतेलाचं" जेवण करू नका. तिसऱ्या जेवणात ७–१० ग्रॅम तेल-तूप असावंच. उजव्या बरगडीखाली कळ, ती पाठीत किंवा खांद्यात जाणारी, तासभर टिकणारी, सोबत ताप किंवा डोळे पिवळे : वाट बघायची नाही, थेट डॉक्टर.

---

काटा_हलेना

पाचवा आठवडा, काटा दहा दिवस जागचा हलत नाही. दोन शेक, एक जेवण, सगळं तेच. कॅलरी हजारवर आणू का?

---

मापटं

आणू नका. आधी दहा दिवस म्हणजे थांबणं आहे का ते बघा. वजन रोज, सकाळी, लघवीनंतर, त्याच कपड्यांत. सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीची तुलना सरासरीशी करा. पाळीच्या आधी एक-दीड किलो पाणी सहज धरतं, नवा व्यायाम सुरू केला की स्नायू सुजून धरतात. कंबर बेंबीच्या पातळीला मोजा. ती उतरत असेल तर काटा मागून येईल.

तीन आठवड्यांची सरासरी हलत नसेल तर गळती शोधा, आणि ती शेकमध्ये शोधू नका, शेक मोजलेला आहे. गळती तिसऱ्या जेवणात असते. तीन दिवस तेल बाटलीतून न ओतता काट्यावर घाला. एक मोठा चमचा तेल १२० कॅलरी. "मधल्या वेळचं" मोजा, दाणे-बदाम मूठभर म्हणजे १७०–१८०. दुसरी गळती हालचालीत असते : कमी खाल्लं की माणूस नकळत कमी हलतो, जिने टाळतो, बसून राहतो. पावलं मोजत असाल तर पहिल्या आठवड्याशी तुलना करा.

---

लेबलवाचक

हजारवर आणण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला किंवा रबरी पट्ट्या ओढा. उतरणाऱ्या वजनात साधारण पाव भाग चरबीखेरीज असतो, आणि प्रथिनं व जोराचा व्यायाम मिळून तो कमी करता येतो. नुसतं चालणं त्याला पुरत नाही.

---

नवा_भिडू

आता शेवटचं. बंद कसं करायचं?

---

मापटं

एकदम नाही. पहिले दोन आठवडे एक शेक काढा आणि त्या जागी ३५०–४०० कॅलरींचं जेवण, प्रथिनं २५ ग्रॅम. दुसरा शेक तसाच. वजन स्थिर राहिलं तर दुसऱ्या शेकच्या जागी तसंच जेवण. शेकचे २२५ जाऊन जेवणाचे ४०० आले म्हणजे दर वेळी पावणेदोनशे वाढले, दोन टप्प्यांत साडेतीनशे. १२०० वरून १५५० वर आलात. ८० किलोंवरून ७० वर आलेल्या त्याच स्त्रीचा खर्च आता सूत्राने १८७५ आहे, २०१५ नाही. म्हणजे वाढवायला जागा फक्त सव्वातीनशेची. जुन्या ताटाला परत गेलं की ही जागा दोन चपात्या आणि चमचाभर तुपात संपते.

पहिल्या टप्प्यात काटा एक-दीड किलो वर जाईल. ते ग्लायकोजेन आणि पाणी परत भरतंय. घाबरून लोक परत दोन शेकवर उडी मारतात, मग परत जेवण, आणि हे चक्र चालू राहतं. दोन आठवडे बघा, स्थिरावतं.

---

कडूगोळी

यात एक भर. औषधं कमी केली असतील तर अन्न वाढवताना साखर आणि दाब परत मोजायला लागा. कमी केलेली मात्रा आता अपुरी पडू शकते. मापटं यांनी सांगितलेल्या प्रत्येक टप्प्यावर आठवडाभर नोंद.

---

पोषणपंडित

आणि एक रेघ आधीच ओढून ठेवा. स्थिरावलेल्या वजनाच्या २ किलो वर सरासरी गेली की चार आठवडे एक शेक परत. ४ किलो वर गेली तर दोन शेक, आणि जे पूर्ण पद्धतीवर होते त्यांनी डॉक्टरकडे. म्हणून डबा फेकू नका, पण उघडलेला असेल तर त्यावर उघडल्याची तारीख लिहा. बहुतेकांवर उघडल्यापासूनची मुदत वेगळी छापलेली असते, आणि दमट ओला चमचा एकदा आत गेला की तीही धरायची नाही.